काढलेला माल

"इथं चुंबक चिकटत नाहीये," अभ्यंकर म्हणाले आणि चिंधीत गुंडाळलेलं ते चुंबक त्यांनी माझ्या गाडीच्या दाराला दुसऱ्यांदा लावून बघितलं.

चिकटेल कसं? तिथला पत्रा गंजून गेला होता आणि आम्ही लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग दिला होता. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर अभ्यंकर माझ्या भावाकडे वळून म्हणाले, "लांबी भरलीय साहेब. बरीच आहे."

भावाला काय कळणार त्यातलं! त्यानं मान हलवली. गेली बावीस वर्षं ती गाडी मी चालवत होते, तिच्याखाली मी झोपले होते, साडीचा पदर ग्रीसनं मी माखून घेतला होता, आणि हा पुण्याहून आलेला तज्ज्ञ हिशेब देत होता भूपालदादाला. का, तर तो पुरुष होता आणि त्याच्या अंगात सफारी होता.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. कोल्हापुरात उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज होतं. रविवारची सकाळ होती, आणि त्या पत्र्याच्या छपराखाली आम्ही चौघं उभे होतो. दस्तगीर मिस्त्री, मी, दादा आणि हे अभ्यंकर. पुण्यात कुणी एक शेठ जुन्या गाड्या जमवत असत, त्यांच्या वतीनं अभ्यंकर गावोगाव जाऊन गाड्या पारखत. आज ते आमची मॉरिस मायनर पारखायला आले होते. त्यांना आणलं होतं दादानं.

गाडी चौपन्न सालची. आमचे वडील, म्हणजे आबा, गुरांचे डॉक्टर होते. राधानगरीपासून शाहूवाडीपर्यंत कुठल्या गावात म्हैस अडली, बैल फुगला की आबा या गाडीतून जायचे. ते वारले तेव्हा गाडी चार वर्षं शेडमध्ये पडून होती आणि तिच्या मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार चालू होता. दादा तेव्हा पुण्यात बँकेत लागलेला. तो म्हणाला, "भंगारवाल्याला बोलाव आणि मोकळी हो." मी मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, आणि हट्ट करायला मला दुसरं काही नव्हतं. मी दस्तगीर मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी झाकण उघडून आत बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच पायजे का ही? का नुसता जीव अडकलाय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग आयतवार माझ्या नावावर करा," ते म्हणाले.

तेव्हापासून माझे रविवार गॅरेजात गेले. या गाडीनं मला काय काय सोसायला लावलं ते सांगत बसले तर पहाट होईल. पन्हाळ्याच्या चढाला ती तापायची. पावसात वायपर एकच चालायचा, तोही शेजारच्या सीटपुढचा. कुठला भाग गेला तर तो भारतात मिळत नसे, मग मिस्त्री तो लाकडात कोरायचे, पलीकडच्या फौंड्रीत ओतून घ्यायचे आणि कानशीनं घासत बसायचे. स्टाफरूममध्ये माझ्या गाडीला 'बाईंची बैलगाडी' म्हणत. आमच्या हेडबाई तर वार्षिक संमेलनात म्हणाल्या होत्या, "नेजकरबाई आज वेळेवर आल्या, म्हणजे चालत आल्या असणार." मी हसले होते. पण पहाटे शाहूवाडीच्या रस्त्याला लागावं, इंजिन तापून एका लयीत यावं आणि खिडकीतून उसाच्या रानाचा गार वास यावा, तेव्हा मला या जगात कुणाचंच काही मागायचं नसे. हे सुख मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचीही थट्टा झाली असती.

अडचण कागदाची होती. गाडी अजून आबांच्या नावावर. मागच्या खेपेला एका एजंटानं काहीतरी करून निभावलं होतं. या वेळी नोंदणीची मुदत संपत आली तेव्हा आरटीओतले नवे साहेब म्हणाले, "बाई, मयत माणसाच्या नावावर गाडी कशी चालवता? वारसांच्या संमतीनं नाव बदलून आणा, मग बघू." त्यांचं काही चूक नव्हतं. वारस दोनच, दादा आणि मी. मी दादाला फोन केला आणि म्हटलं, एक सही हवी. तो म्हणाला, "विकूनच टाकू या ना. आता जुन्या गाड्यांना फार मागणी आहे म्हणतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भंगारात घाल म्हणणारा हाच! बावीस वर्षांत एकदाही त्यानं विचारलं नाही की शशे, ती गाडी कशी आहे. आयत्या बिळावर नागोबा तो हाच. आणि सगळ्यात जुनं दुखणं वेगळंच होतं. दादा पंधरा वर्षांचा असताना आबा त्याला गाडी शिकवायला घेऊन जात, रंकाळ्याच्या पलीकडच्या माळावर. मी फाटकाशी उभी राहायची. आबांना म्हटलं, मलाही शिकवा, तर म्हणाले, "पोरींचं काम नव्हे ते." महिनाभरानं दादानं जाणंच सोडून दिलं. ज्याला मिळालं त्याला त्याची किंमत नव्हती, आणि मी मात्र तिसाव्या वर्षी एका मिस्त्रीकडून शिकले. तो राग माझ्या मनात चाळीस वर्षं होता, आणि मी तो उघड उघड बाळगत होते.

त्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. मी विकायला सही देणार नसेन, तर तोही माझ्या नावावर करायला सही देणार नव्हता. मुदत संपायला नऊ दिवस होते. त्यानंतर गाडी रस्त्यावर आणली असती तर ती जप्त झाली असती.

तर अभ्यंकर गाडीभोवती फिरत होते. छोटी विजेरी, डायरी, चुंबक. दादा मात्र छपराच्या खांबाशी उभा होता. सकाळपासून त्यानं गाडीला हातसुद्धा लावला नव्हता.

"कार्ब्युरेटर ओरिजिनल नाही," अभ्यंकर लिहीत लिहीत म्हणाले. "डायनॅमो नाही. पाण्याच्या पंपाचा पंखा… हा कुठला?"

"ह्यो मी ओतून घेतलाय," मिस्त्री म्हणाले. "पितळंचा हाय. लोखंडी गंज खातोय लवकर."

"हं. जुगाड," अभ्यंकर म्हणाले आणि तो शब्द त्यांनी डायरीतही लिहिला असावा. "फरशीचा पत्रा नवा. दारांच्या बिजागऱ्या नव्या. वळायच्या वेळी दारामागच्या खांबातून बाहेर येतात ते इशाऱ्याचे हात काढून दिवे लावलेत. वायरिंग सगळं बदललंय. साहेब, खरं सांगू का? यात मूळचं फार थोडं उरलंय. बाकी सगळा खोटा माल आहे."

मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे सुटले, आता हे घेणार नाहीत. आणि दुसरी म्हणजे या माणसाच्या हातातलं चुंबक घेऊन गटारात फेकावं. तो पितळी पंखा करताना मिस्त्री सात रविवार बसले होते. पहिले दोन साचे फुटले तेव्हा त्यांनी मला चहा पाजून घरी पाठवलं होतं, मला त्यांचा चेहरा दिसू नये म्हणून. त्याला हा गृहस्थ खोटा माल म्हणत होता, त्यांच्याच छपराखाली, त्यांच्याच तोंडावर!

"खोटा कसा हो?" मी म्हटलं. "पाणी फिरतं ना त्यानं?"

"बाई, पाणी फिरण्याचा प्रश्न नाही," अभ्यंकर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "आमच्या शेठना गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी लागते."

"मग त्यांनी चौपन्न सालीच घ्यायची होती."

दादा म्हणाला, "शशी, जरा शांतपणे बोल."

मी आणखी बोलले असते, पण मिस्त्री पुढं आले. हात पुसत होते. अंगानं किडकिडीत, साठीच्या घरातला माणूस. रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही आवाज साधाच होता, पण कान लाल झाले होते.

"साहेब, ओरिजिनल पायजे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "हाय की."

मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. बघा, चाळीस पोरींचा वर्ग माझ्या या नजरेनं गप्प होत असे. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंच नाही. शिडी लावली, माळ्यावर चढले आणि वरून एक पोतं खाली सोडलं. मग दुसरं. मग तिसरं. अशी सात पोती.

उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्र्यांची एक रीत होती. गाडीतून जो भाग काढायचा तो मालकाच्या हातात परत द्यायचा. मोडका, झिजलेला, तुटलेला, कसाही असो. म्हणजे मालकाला शंका नको की खरंच बदलला की नाही, आणि मिस्त्रीवर बट्टा नको की चांगला माल परस्पर विकला. मला दर खेपेला मिस्त्री काढलेला भाग हातात देत, मी तो बघत असे आणि परत त्यांनाच देत असे, कारण माझ्या दोन खोल्यांत जागा नव्हती. ते तो ठेवून देत. कुठं, कसा, ते मी कधी विचारलं नाही.

अभ्यंकरांनी पहिल्या पोत्याची सुतळी सोडली. आत प्रत्येक भाग ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर पत्र्याची चिठ्ठी, तिच्यावर खिळ्यानं तारीख कोरलेली. कार्ब्युरेटर. डायनॅमो. बिजागऱ्या. वळायचे ते दोन्ही हात, काचेसकट. अभ्यंकर चक्क खाली बसले. गुडघ्यावर डाग पडतील याचंही त्यांना भान राहिलं नाही.

"अहो, हे… हे सगळं आहे तुमच्याकडे?" ते म्हणाले. "साहेब, मग विषयच वेगळा. हे परत बसवता येईल. मी आजच शेठना फोन करतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! गाडी वाचली होती, पाच मिनिटांपूर्वी वाचली होती, आणि तिला बावीस वर्षं जगवणाऱ्या माणसानं ती स्वतःच्या हातानं ताटात वाढून दिली होती.

मी मिस्त्रींना शिडीमागे गाठलं. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"बाई, त्यांनी आपला माल खोटा म्हणला."

"म्हणू दे ना! खोटा म्हणाले असते आणि गेले असते."

"तुम्ही म्हणून घेतलं असतं," ते म्हणाले. "मला न्हाई जमलं. इथं चाळीस वर्स बसलोय मी. उद्या बाजारात हेच बोलतील, दस्तगीरनं बाईंच्या गाडीचा असली माल खाल्ला आणि खोटा बसवला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी सगळा राग घेऊन वळले तो दादाकडे. तो अजून खांबाशीच होता.

"झालं का समाधान?" मी म्हटलं.

"शशे, अर्धे पैसे तुला मिळतील. माझा अर्धा वाटाही तूच घे, मला नको. पण विकू या."

"तुला पैसे नकोत, गाडी नको, मग कशासाठी आलायस? मला छळायला?"

"आबांची गाडी आहे ती. माझाही शब्द चालतो तिच्यावर."

"आबांची?" मी पोत्यांपाशी गेले आणि एकेक उपडं करत सुटले. लोखंड फरशीवर खणखणलं, अभ्यंकर "अहो, अहो" करत मागे सरले. "ही बघ आबांची गाडी! ही घे, उचल, घेऊन जा पुण्याला! आणि ती समोर उभी आहे ना, चाकांवर, ती माझी आहे. माझी आणि मिस्त्रींची. तिच्यात तुझं काय आहे ते मला दाखव. एक स्क्रू दाखव!"

शेजारच्या लेथवरचं काम थांबलं. तिथली माणसं दारात येऊन उभी राहिली. दादानं नुसता खांब धरून ठेवला. त्यानं मी आणखीच भडकले.

अभ्यंकर बिचारे मध्ये पडले. "इंजिन तरी ऐकू द्या एकदा. मग तुमचं तुम्ही ठरवा."

"बॅटरी काढलीय चार्जिंगला," मिस्त्री म्हणाले. "हँडल मारतो."

"मी मारते," मी म्हटलं.

"मिस्त्रींना मारू दे," दादा म्हणाला. आवाज जरा विचित्र आला.

"बावीस वर्षं मीच मारतेय!"

मिस्त्रींनी पलीकडच्या बॅटरीवरून ठिणगीपुरती एक वायर जोडून दिली. मी आत वाकून चावी फिरवली, गाडी न्यूट्रलला आहे ना बघितलं, पुढं आले, पदर खोचला आणि इंजिन हातानं फिरवायचं ते हँडल बंपरच्या भोकातून आत घातलं. त्याचे दात इंजिनात बसले. मी मूठ आवळली आणि खांद्यातून जोर घेतला.

"अंगठा! शशे, अंगठा काढ! सोड ते, सोड!"

अशी किंकाळी मी दादाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तो खांब सोडून धावत आला आणि त्यानं माझा दंड धरून मला मागं खेचलं. हँडल खाली पडलं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं ते पायानं दूर ढकललं.

"अंगठा आत होता का तुझा?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "आत होता का?"

"नव्हता रे," मी म्हटलं आणि मूठ करून दाखवली. अंगठा चार बोटांच्याच बाजूला होता. हँडल हातात देताना मिस्त्रींनी पहिल्या दिवशी मला तेच शिकवलं होतं, बाकी सगळं नंतर. अंगठा पलीकडून आवळला आणि इंजिननं उलटा फटका दिला, तर हात मोडतो.

दादानं माझी मूठ नीट निरखून बघितली. मग स्वतःचं उजवं मनगट दुसऱ्या हातात धरलं. ते जरा वाकडं होतं. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की भूपाल लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला होता.

"झाडावरून नव्हतो पडलो," तो म्हणाला.

"मग?"

"माळावर. आबा म्हणाले, मार हँडल. कसं धरायचं ते सांगितलं नाही. मी धरलं तसं धरलं." तो अभ्यंकरांना, मिस्त्रींना विसरूनच गेला होता. "कट्‌दिशी आवाज आला. आबा गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, दुसरा हात आहे ना, त्यानं मार. गाडी घरी न्यायचीय. मारलं मी. डाव्या हातानं. मग घरी त्यांनीच फळकुटं बांधली, वासराचा पाय बांधतात तशी. म्हणाले, आईला सांगायचं, पेरूवरून पडलो. डॉक्टराच्या पोराला हँडल मारता येत नाही म्हणून लोक हसतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू फाटकात उभी असायचीस," दादा म्हणाला. "तुला वाटायचं, मला काहीतरी फार मोठं मिळतंय. काय सांगणार होतो? आणि आता दर फोनला तू तिचंच सांगतेस. कार्ब्युरेटर साफ केला, हँडल मारलं. मला रात्री झोप लागत नाही, शशे. मला वाटतं, एक दिवस फोन येईल तुझा हात मोडल्याचा."

मला राग आला. हो, तेव्हाही रागच आला, दुसरं काही येण्याच्या आधी. पण या वेळी तो दादावर नव्हता. मी ज्यांची गाडी म्हणून ती जपली, ज्यांच्या नावानं लोक मला ओळखतात म्हणून मिरवले, त्या माणसानं पंधरा वर्षांच्या पोराला एवढं एक वाक्य सांगितलं नव्हतं. अडलेल्या म्हशीशी आबा तासन्‌तास गोड बोलत. पोराशी बोलायला त्यांना तोंड नव्हतं. आणि मी चाळीस वर्षं हेवा केला तो त्या माळाचा! आबा समोर असते तर मी त्या दिवशी त्यांना सोडलं नसतं.

अभ्यंकरांनी डायरी मिटली. "साहेब, मग… शेठना काय सांगू?"

दादानं फरशीवर पसरलेल्या लोखंडाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मानेनं हो म्हटलं.

"गाडी विकायची नाही," तो म्हणाला. "हे सगळं घेऊन जा. तुमच्या शेठना दुसऱ्या कुठल्या मॉरिसला लागेल."

"मालक हो म्हणाले, मग माझं काय न्हाई," मिस्त्री म्हणाले आणि भाग परत पोत्यांत भरायला बसले. प्रत्येकाचा कागद त्यांनी नीट गुंडाळला.

माझ्या पिशवीतला नावबदलाच्या संमतीचा कागद दादानं गाडीच्या झाकणावर ठेवला आणि सही केली. सही करताना त्याचं मनगट नेहमीसारखं बाहेर वळलं. लहानपणापासून मी ते बघत आले होते आणि कधी काही विचारलं नव्हतं. सही करून त्यानं पेन खिशात ठेवलं, पण गेला नाही. खाली पडलेलं हँडल त्यानं उचललं आणि मिस्त्रींपुढं धरलं.

"कसं धरायचं, दाखवा."

मिस्त्री उठले. हात पायजम्याला पुसले. त्यांनी दादाचा हात हँडलवर ठेवला, बोटं खालून वळवली आणि अंगठा उचलून बोटांच्या बाजूला आणून टेकवला.

"असं. आणि खालनं वर वढायचं, वरनं खाली दाबायचं न्हाई."

दादा त्या मुठीकडे बघत राहिला.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच असतंय साहेब," मिस्त्री म्हणाले.